तारेवरचा चास

माय, हसू नको, पण मी पाखरं काढायला लागले. रांगोळीतली नव्हे, चांगल्या जाड कागदावर, रंगाच्या पेट्या आणून. नोकरी संपून सव्वा वर्ष झालं. डॉक्टरांनी साखरेसाठी रोज सकाळी चालायला सांगितलं, म्हणून घाटनांदूरच्या रस्त्यानं पाझर तलावापर्यंत जाऊन येते. तेहतीस वर्षं ह्याच रस्त्यानं लशीचा डबा खांद्याला अडकवून गेले आणि आले, पण मान वर करून कधी बघितलं नाही. कुणाचं बाळंतपण आलंय, कुणाच्या लेकराचा डोस राहिलाय, डोक्यात तेवढंच. आता रिकाम्या हातानं निघाले तर काय बघते, बाभळीवर, बांधावर, तारेवर नुसता बाजार भरलेला. सातभाई भांडतायत, टिटवी उगंच कुणाच्या तरी नावानं ओरडतीय, होला माझ्यासारखाच जाड होऊन बसलाय. बघून बघून वाटलं, हे कागदावर यायला पाहिजे. आणि खरं सांगायचं तर त्यातलं एक पाखरू मला दसऱ्याच्या आत नीट यायलाच पाहिजे होतं. चास. पुस्तकात नीलकंठ लिहितात तो. त्या पाखरावरून मी तुझ्याशी खोटं बोलले होते, एकोणीस वर्षांमागं, दसऱ्याच्याच दिवशी. पुढचा दसरा तू बघितला नाहीस, त्यामुळं ते खोटं तसंच राहून गेलं. म्हणून ठरवलं, औंदाच्या दसऱ्याला खराखुरा चास काढायचा आणि तुझ्या फोटोशेजारी ठेवायचा. म्हणायचं, माय, त्या दिवशी दाखवला नाही तो हा घे.

रंग आणायला अंबाजोगाईला गेले. दुकानदारानं विचारलं, "नातू कितवीला हाय?" म्हटलं, नातू नाही, मलाच पाहिजेत. त्यानं एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, एकदा पिशवीतून डोकावणाऱ्या मेथीच्या जुडीकडं बघितलं, आणि चोवीस रंगीत पेन्सिलींची पेटी काढून ठेवली. शेजारी पाण्याच्या रंगांची पेटी होती, बारा वड्यांची, साबणाच्या चिपांसारख्या. मी विचारलं, "पाखरं काढायची तर ह्यातलं काय बरं?" तर म्हणतो कसा, "बाई, मी इकतो. काढत न्हाई." खरं बोलला बिचारा. मग दोन्ही घेतल्या. घरी आल्यावर तुझ्या जावयांनी दोन्ही पेट्या उघडून बघितल्या आणि म्हणाले, "चोवीस आन् बारा. एवढ्यात तर बीड जिल्हा रंगवून हुईल." त्यांची जीभ तुला माहीतच आहे. तू असताना जरा तरी दबून असायचे, आता मोकळं रान.

पहिल्यांदा पेन्सिली हातात घेतल्या, कारण पेन्सिलीची भीती वाटत नाही. पेन्सिल म्हणजे आपली ओळखीची. अंगणातली साळुंकी काढली, दोन तास लागले. तुझे जावई चष्मा लावून आले, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "कोंबडी झ्याक आलीय. पण रोग पडलेला दिसतोय, मान टाकलीय तिनं." ते परळीत वाढलेले, त्यांना कोंबडी आणि कावळा एवढंच ठाऊक, पण ह्या खेपेला चूक त्यांची नव्हती. माझ्या साळुंकीत काही जीव नव्हता. मी सुरुवातीलाच जोर लावून तपकिरी रंग घासला होता. कागद चोपडा पडला, मेणावाणी चकाकायला लागला आणि त्याच्यावर दुसरा रंग धरेचना. काळी पेन्सिल फिरवली तरी नुसती घसरायची. तीन-चार पाखरं अशीच वाया गेली तेव्हा कुठं हाताला कळलं की पेन्सिल दाबायचीच नसते. हलकी हलकी ओढायची, पहिला थर दिसेल न दिसेल असा, मग त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आणि हे कळलं त्या क्षणाला तुझाच आवाज आला बघ मला, गोधडी घालतानाचा. आपल्या ओट्यावर तू जुन्या लुगड्यांचे थर अंथरून बसलेली, मी समोरून टाके घालतेय, लवकर उरकावं म्हणून दोरा आवळतेय, आणि तू म्हणतेस, "आवळू नको गं बाई, गोळा व्हायलंय. धागा हलका ठिव. थरावर थर बसला की आपसूक ऊब येती." त्या दिवशी मी तोंड वाकडं केलं होतं. आता साठाव्या वर्षी सातभाईच्या पाठीवर तुझे टाके घालत बसते. सातभाई आला हां, माय. एकदम आला. तोच चिडका पांढरा डोळा, तेच विस्कटलेले केस. तुझे जावई म्हणाले, "ही कोण, तुझी मोठी जाऊ का?" म्हणजे बघ, ओळखू आलं.

पेन्सिलीचं आणखी एक बरं असतं, मध्येच उठता येतं. कुकरची शिट्टी झाली, दारात कुणी आलं, कुणी गोळी मागायला आलं (अजून येतात, नोकरी संपली तरी सिस्टर ती सिस्टरच), तर पाखरू जिथं होतं तिथंच बसून राहतं. पाण्याच्या रंगाचं तसं नाही. तो रंग म्हणजे दूध उतू जायला लागल्यासारखा, नजर काढली की गेला. पहिल्या दिवशी खंड्या काढायला घेतला. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा कागद होता, पाणी पडल्याबरोबर पापडासारखा वळला, आणि खंड्याची चोच एका खड्ड्यात आणि शेपटी दुसऱ्या खड्ड्यात. निळा पंख मात्र काय सुंदर पसरला होता! बघत राहावं असा, आपोआप कडेला गडद, मध्ये फिका. मला वाटलं, एवढीशी जागा राहिलीय, तेवढी भरून टाकावी. अर्धवट सुकलेल्या रंगावर ओला कुंचला टेकवला, आणि झाला सत्यानाश. तिथं एक डाग उठला, फुलकोबीसारखा, आणि पुसायला जाते तर आणखी मोठा. पाच खंड्ये असेच मेले. मी रागानं कुंचला पाण्यात आपटला. पोरीबाळींसारखं रडू यायचं बाकी होतं.

सहाव्या खंड्याच्या वेळी एकदम आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आलं. मी नऊ-दहा वर्षांची आहे. तू चुलीपासून सारवत सारवत दाराकडं मागं सरकतीयस आणि अर्धी जमीन आज पहिल्यांदा मला दिलीयस. शेणाचा थंडगार काला, त्यात हात घालायला मला लई आवडायचं. मी गोल गोल हात फिरवत मागं येतेय, आणि दारापाशी पोचल्यावर बघते तर कोपऱ्यात तळहाताएवढी जागा कोरडीच राहिलीय. मी वाकून, लांब हात करून तिथं एक हात फिरवला. कडेचं सुकायला लागलं होतं, ते उकरलं गेलं आणि ठिगळ पडलं. तू पाठीत असा धपाटा घातलास की शाळेच्या झंपरवर तुझा अख्खा पंजा उमटला. "वाळत्याला हात लावू नको म्हणून किती डाव सांगायचं, भवाने? ऱ्हायलं तर ऱ्हाऊ दे. उद्या वाळल्यावर दुसरा हात देऊ!" दुसऱ्या दिवशी त्या पंज्यासकट शाळेत जावं लागलं, कारण दुसरा झंपर धुवायला टाकलेला. माय, मी तुला सांगते, ह्याच्यापलीकडं पाण्याच्या रंगाचं शिक्षण नाही. ओल्यात हात थांबवायचा नाही, वाळत्याला हात लावायचा नाही, राहिलं तर राहू द्यायचं आणि पूर्ण वाळल्यावर दुसरा हात द्यायचा. तसं केलं, आणि सहावा खंड्या उठून बसला कागदावर. मी एकटीच घरात "आला गं आला!" म्हणून ओरडले. तुझे जावई आंघोळीतून ओरडले, "कोण आला?" म्हटलं, खंड्या. पाणी बंद झालं, मग परत तांब्याचा आवाज सुरू झाला.

पण एक खोड माझी काही केल्या जाईना, आणि ती पण तुझ्याच घरची. पांढरा शेवटी. आपण काय करतो, आधी सारवतो, सगळी जमीन काळपट-हिरवी होते, आणि मग वरून पांढरी रांगोळी काढतो. पन्नास वर्षं हाताला तीच सवय. पाण्याच्या रंगात उलटं असतं. पांढरा म्हणजे कागदच, तो पहिल्यापासून सोडून ठेवायचा, तिथं कुंचला न्यायचाच नाही. मला हे कळायचं आणि हात ऐकायचा नाही. दयाळ काढला, तो काळा-पांढरा पक्षी, सकाळी छपरावर बसून गातो तो. अख्खा दयाळ मी मन लावून काळा केला आणि मग पंखावरची पांढरी पट्टी काढायला बसले. पेटीतला पांढरा लावला तर राखेचा रंग झाला. मग काय केलं असेल मी? देवघरातली रांगोळी घेतली, चिमूटभर, डिंकात कालवली, आणि काडीनं पंखावर लावली. आहाहा, अशी झळकली पट्टी! रात्रभर वाळत ठेवलं. सकाळी तुझ्या जावयांनी कागद उचलून बघितला, तर टेबलावर पांढरा भुगा. म्हणाले, "तुझ्या पाखराला कोंडा झालाय. तेल लाव." मी एवढी हसले, एवढी हसले की साखरेची गोळी घ्यायची राहून गेली.

असे दिवस चाललेत माझे. पण ज्याच्यासाठी सगळं मांडलं होतं, ते पाखरू लांबच होतं. आता ते लिहावंच लागेल. तुझे दोन्ही डोळे तेव्हा काचबिंदूनं गेले होते, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. लेकीच्या घरी राहायचं म्हणून पहिल्यांदा किती कुरकुरलीस, आणि मग गल्लीतल्या सगळ्या बायकांची माय होऊन बसलीस. दसऱ्याला मात्र तुझा हट्ट एकच, शिवेबाहेर जायचं आणि चासाचं दर्शन घ्यायचं. दसऱ्याला चास दिसला की वरीस सुखाचं जातं, हे तुझ्या मायनं तुला सांगितलेलं. आदल्या दिवशी मी म्हटलं होतं, माय, तुला दिसायचं कसं? तर म्हणालीस, "तू बघ आन् मला सांग. तेवढं पुरं हाय मला." मी कबूल झाले. सकाळी तुझा हात धरून निघाले, अन् गल्लीच्या तोंडाशी पोचतोय तोवर समोरून मोटारसायकल. वरच्या वस्तीवरचा माणूस होता, घामाघूम झालेला. "सिस्टर, चला बिगीनं, पाणी जायलंय तिचं." पहिलटकरीण होती. शिवेपर्यंत जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. मी तुला तिथंच विजेच्या खांबापाशी उभं केलं आणि म्हटलं, "माय, नशीब बघ तुझं. इथंच बसलाय की चास."

तू थांबलीस. "कुठं गं?"

"तारेवर. हितंच, डोक्यावर."

"बसलाय? का उडायलाय?"

"बसलाय गं. हलायचं नाव न्हाई."

"कसा दिसायलाय?"

माझा एक पाय मोटारसायकलवर. "निळा. समदा निळा, माय. निळाशार."

तारेवर काही नव्हतं. एक चिमणीसुद्धा नव्हती. तू जरा वेळ गप उभी राहिलीस, मग हात जोडलेस. म्हणालीस, "झालं दर्शन. जा तू आता, ती बाई वाट बघायली आसंल." शेजारच्या काकूंनी तुला घरी नेलं. मी दुपारी परत आले तेव्हा तू ओट्यावर बसून होतीस. विचारलंस, "काय झालं?" म्हटलं, पोरगी. "बाळंतीण?" म्हटलं, बरीय. "मग," तू म्हणालीस, "चासानं काम केलं म्हणायचं." आणि हसलीस. मला वाटलं, चला, खपलं. पण त्या रात्रीपासून कुठंतरी टोचत होतं. डोळस माणसाशी खोटं बोलले असते तर गोष्ट वेगळी. तू माझ्या डोळ्यांवर विसंबलीस आणि मी तुला रिकामी तार दाखवली.

तर तो चास मी भाद्रपदात काढायला घेतला. मोबाईलवरून काढायचा नाही असं ठरवलं होतं, ह्या पाखराच्या बाबतीत तरी आणखी खोटं नको. पण मग कळलं, मी चास जवळून कधी बघितलेलाच नाही. लांबून जाताना एक निळी झळक, तेवढीच. त्या झळकीवरून पाण्याच्या रंगांनी काढला, तारेवर बसलेला, डोक्यापासून शेपटीपर्यंत निळा. रंग असा देखणा उतरला की मी स्वतःवरच खूश. तुझे जावई म्हणाले, "निळीत पडलेला कावळा का गं हा?" मी त्यांना चहाच दिला नाही. पण मनात आलं, एकदा खरा बघावा आणि मगच फोटोशेजारी ठेवावा. पाऊस सरला की येतोच तो, सोयाबीन काढायच्या दिवसांत. म्हणून रोज सकाळी तारांकडं बघत चालायला लागले. मान दुखायला लागली. होला दिसायचा, कोतवाल दिसायचा, वेडा राघू दिसायचा. तलावाच्या वळणावर एक मातकट पाखरू रोज बसलेलं असायचं, मोठ्या डोक्याचं, आळशी. मी त्याच्याकडं बघून न बघितल्यासारखं करून पुढं जायची.

गेल्या आठवड्यात त्या वळणावर सोयाबीन काढणाऱ्या एका बाईनं हाक मारली. तिची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. "सिस्टर, चार दिस झालं बघायले मी. वर तोंड करून काय हुडकायलाव?"

म्हटलं, "चास हुडकायले. दसरा आला की."

ती कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली. "आवो मग त्यो काय, तुमच्या टकुऱ्यावरच बसलाय!"

मी वर बघितलं. तोच तो आळशी. "हा? हा तर मातीच्या रंगाचा हाय."

"बसल्यावर त्यो तसाच दिसतोय. निळा व्हायला त्याला उडावं लागतंय. बसलेला चास समदा निळा कुणी बघितलाय व्हय? तुमी बी ना सिस्टर, लेकरालाबी ठावं असतंय एवढं." आणि तिनं हातातली पेंढी हवेत हलवून "हुर्रऽऽ" केलं.

माय, पंख उघडले आणि काय सांगू! गडद निळा, मग फिका आभाळी, मग परत गडद, मोरालाही मागं टाकंल असा. त्या मातकट अंगात एवढं सगळं घडी घालून ठेवलेलं होतं. मी रस्त्यात उभी राहून टाळ्या वाजवल्या. ती बाई हसत होती, मी हसत होते. तो वळसा घालून परत तारेवर येऊन बसला आणि परत मातीच्या रंगाचा झाला. आणि मी मटकन तिच्या बांधावर बसले. तिला वाटलं साखर कमी झाली, ती गूळ काढायला लागली.

पन्नास वर्षं तुझ्या हातात खुरपं होतं. ऊन-पावसात रानात वाढलेली बाई तू. चास तुला तुझ्या भावांपेक्षा जास्त ओळखीचा असणार. म्हणून तू विचारलंस, बसलाय का उडायलाय. म्हणून विचारलंस, कसा दिसायलाय. मी "मातकट" म्हटलं असतं तर तुझा विश्वास बसला असता. मी म्हटलं, बसलाय आणि समदा निळा. तू जी गप उभी राहिलीस ना, तेवढ्यात तुला सगळं कळलं होतं. तार रिकामी आहे हे कळलं होतं, लेक खोटं बोलतीय हे कळलं होतं, आणि का बोलतीय हे पण. मग तू मला मोकळं केलंस. एका शब्दानं टाकून बोलली नाहीस, ना त्या दिवशी, ना पुढं. मी बांधावर बसून गूळ खात रडले, आणि हसूही आलं, कारण एकोणीस वर्षं जे खोटं मी काळजावर घेऊन हिंडले, ते तुला एक मिनिटभरही पटलं नव्हतं.

घरी येऊन तो निळीतला कावळा फाडला. नवा काढला. एक नाही, दोन. बसलेला पेन्सिलींनी, तीन दिवस लागले. छातीवर जांभळट तपकिरी, त्यात कागदाचे बारीक पांढरे धागे सोडलेले, पाठीला खाकी थरावर थर, डोक्यावर आणि पोटाखाली तेवढं चोरून निळं. हे पाण्याच्या रंगाला जमलंच नसतं, त्यानं सगळं एकात एक कालवलं असतं. आणि उडालेला पाण्याच्या रंगांनी. चार कागद गेले, पाचवा आला. एका दमात पंख उघडला, हात थांबवला नाही, फिका पट्टा तसाच सोडला, आणि गडद पट्टा दुसऱ्या दिवशी दिला. पेन्सिलीनं तो पंख मी महिनाभर घासत बसले असते तरी उडाला नसता. कुणी आता मला विचारलं, पाखरांना काय बरं, तर मी विचारणार आहे, बसलाय का उडायलाय.

आज दसरा. सकाळी दोन्ही चित्रं तुझ्या फोटोशेजारी टेकवली. तुझ्या जावयांनी पहिल्यांदा काही चेष्टा केली नाही, नुसतं "आयला" म्हणाले. मग शेजारचे दोघं आपट्याची पानं घेऊन आले, सोनं दिलं-घेतलं, आणि हे उत्साहानं चित्रं दाखवायला लागले. त्यावरून त्यांनी ती गोष्ट सुरू केली. "आमच्या सासूबाई म्हणजे लई भोळ्या बरं का. हिनं एकदा दसऱ्याला त्यांना रिकामी तार दाखवली..." ती गोष्ट त्यांची नाही, माय. माझी आहे. ट्रेनिंगला बीडला गेले की नर्सांना, लग्नाच्या मांडवात बायकांना, तुझ्या वर्षश्राद्धाला जेवायच्या पंगतीतसुद्धा मीच सांगितलीय. सांगितलं की टोचायचं कमी व्हायचं. "भोळी" हा शब्दही माझाच. आज मात्र मी मध्येच म्हणाले, "भोळी नव्हती ती. तिला ठावं होतं." हे थांबले. म्हणाले, "ठावं होतं तर मग हात कशाला जोडले?" पाहुणे पण माझ्याकडं बघायला लागले. मी पुरणपोळ्या आणायला आत गेले.

म्हणून दुपारी हे लिहायला बसले. लिहून टाकणार कुठं म्हणा. पोस्टमन ओळखीचा आहे, पत्ता बघून सिस्टरला येड लागलं म्हणेल. चित्रांच्या वहीतच राहील. तुझ्या जावयांच्या प्रश्नाचं उत्तर मला आत गेल्यागेल्या पुरणाच्या ताटापाशीच आलं होतं, पण ते पाहुण्यांपुढं बोलायचं नव्हतं. वर सगळं लिहिताना मी एक गोष्ट गाळली, माय. त्या दिवशी तू हात जोडलेस तेव्हा तुझं तोंड तारेकडं नव्हतं. मी जिथं उभी होते, जिथून माझा आवाज येत होता, तिकडं वळून तू हात जोडलेस आणि वाकलीस. मला वाटलं, दिसत नाही म्हणून बिचारीची बाजू चुकली. गोष्ट सांगताना शेवटाला मी नेहमी ते करून दाखवायची, तुझ्यासारखे हात जोडून, भलत्याच बाजूला वळून. लोक तिथंच सगळ्यात जास्त हसायचे. मीपण.